दुबईहून परतणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

विमान मुंबईत उतरलं, पट्ट्यावरून बॅगा आल्या, की कस्टममधून बाहेर पडायला दोन वाटा असतात: ग्रीन चॅनल आणि रेड चॅनल. ज्यांच्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही ते ग्रीनने जातात. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातलेही बरेचसे ग्रीननेच जातात. तुम्ही प्रामाणिक असाल आणि घरी जेवायला कोणी खोळंबलेलं नसेल, तर खुशाल रेड चॅनल धरा.

तिथे तुमच्याकडे जरा संशयाने पाहिलं जाईल. मनावर घेऊ नका. आपण होऊन ड्यूटी भरायला आलेला माणूस म्हटल्यावर 'हा आणखी काय लपवतोय' हा विचार कोणाच्याही मनात येणारच. समजा दुबईहून घड्याळ आणलंय, तर त्याची पावती दाखवा. ती खरी कशावरून, असं विचारतील. मग साहेब स्वतःच्या मोबाइलवर त्या घड्याळाची किंमत शोधतील, आणि जगातल्या कुठल्या तरी दुकानात ते तुमच्या पावतीपेक्षा महाग निघेलच. तोवर तुमच्या शेजारच्या सीटवरचे काका टॅक्सीत बसून घाटकोपरला पोचलेले असतील. सरकारने 2019 मध्ये 'अतिथी' नावाचं ॲप काढलंय, त्यावर निघण्याआधीच सगळं जाहीर करता येतं. अवश्य करा. उगाच साहेबांना तुम्हाला शोधायचा त्रास नको.

आता दागिने. 2016 च्या बॅगेज नियमांनी, वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्या पुरुषाला 20 ग्रॅम आणि बाईला 40 ग्रॅम दागिने बिनशुल्क आणायची मुभा दिली. अट एवढीच होती, आणि ती 2026 च्या नव्या नियमांपर्यंत टिकली, की पुरुषाचे दागिने 50,000 रुपयांच्या आणि बाईचे 1,00,000 रुपयांच्या वर जाता कामा नयेत. त्या वर्षी सोनं दहा ग्रॅमला तीस हजारांच्या आसपास होतं. म्हणजे नियम जन्मला तेव्हाच वीस ग्रॅम पन्नास हजारांत बसत नव्हते. यावर उपाय सोपा होता: दागिने असे निवडायचे, जे काट्यावर वीस ग्रॅम भरतील आणि किमतीला सोळा.

लग्नातल्या पाटल्या-तोडे घालून सहलीला निघालेल्या वहिनींसाठी वेगळी सूचना. जातानाच विमानतळावरच्या कस्टमकडून दागिन्यांचा निर्यात दाखला करून घ्या. तशी सोय आहे. त्यासाठी पहाटे तीनच्या विमानाला रात्री दहालाच पोचा, मूल्यांकनाचा कागद जवळ ठेवा, आणि टेबलावर त्या वेळी कोणीतरी असावं म्हणून घरातल्या देवापुढे सुपारी ठेवून निघा. दाखला नसेल तर 1962 च्या कस्टम कायद्यातलं कलम 123 आधी वाचून घ्या. जप्त केलेलं सोनं चोरटं नाही हे दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडलं त्याची. सोबत लग्नाचा अल्बम न्या. सप्तपदीच्या फोटोत हात झाकलेले असतील तर सूनमुखाचा बघा.

अंगावरचे वापरते दागिने म्हणजे तस्करी नव्हे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने कस्टमला वारंवार सांगितलंय. 'मला नोटीस नको, सुनावणीही नको' असं आधीच छापलेल्या कागदावर प्रवाशाची सही घ्यायची पद्धतही त्याच न्यायालयाने 2025 मध्ये चुकीची ठरवली. वाईट वाटतं हो. प्रवाशाला काय नकोय हे प्रवाशाआधी छापखान्याला ठाऊक असावं, इतकी तत्पर सेवा दुसऱ्या कुठल्या खात्यात मिळते?

खऱ्या स्मगलरला असले प्रश्न पडत नाहीत. तो सोन्याची पेस्ट करतो, कॅप्सूल भरून शरीरात दडवून आणतो, आणि आयात शुल्काचा दर तुमच्या-माझ्यापेक्षा चोख पाठ ठेवतो. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आलं. त्या दिवशी त्याचं जे नुकसान झालं, ते कित्येक धाडींनीही झालं नसेल.

तुम्ही प्रवासी नसून आयातदार असाल, तर न्हावा शेवा बंदरात ओळख काढायच्या भानगडीत पडू नका. 2020 पासून फेसलेस असेसमेंट देशभर लागू आहे. माल उरणजवळ उतरतो आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमला द्यायचा कागद, तपासणारा अधिकारी चेन्नईत बसलेला असू शकतो. त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त क्वेरी दिसते. तिचं उत्तर जाईपर्यंत डेमरेजचं, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याच्या भाड्याचं, मीटर चालू. आणि जुने कागद रद्दीत घालू नका. मोटारीचे सुटे भाग म्हणून आणलेला माल हा सुटे भाग, की सुटी करून आणलेली मोटार, या प्रश्नावर स्कोडा फोक्सवॅगनला सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे 1.4 अब्ज डॉलरची नोटीस आली, तीही 2012 पासूनच्या मालाबद्दल. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तुमची उलाढाल एवढी नसेल, पण कपाट मोठं घ्या.

राहता राहिलं पर्यटन. त्याला कस्टमने खरोखरच हातभार लावलाय. पणजीला मांडवीकाठी पोर्तुगीजांच्या काळातली कस्टमची निळी इमारत आहे, तिथे 'धरोहर' हे संग्रहालय आहे. लपवाछपवीच्या नाना युक्त्या तिथे व्यवस्थित मांडून ठेवल्यात. बिहारमधल्या रक्सौलला नेपाळ सीमेवर पकडलेली आईन-ए-अकबरीची हस्तलिखित प्रतही आहे. पोरांना घेऊन जा. पकडलेला माल निवांत बघून होतो. सुटलेल्या मालाचंही दालन काढायचं, तर पणजी पुरायची नाही.