धरणावर बंदी घालण्याआधी त्याचा सांडवा बघा

पावसाळा तोंडावर आला की दोन आदेश ठरलेले असतात. एक, अमुक धरणावर पर्यटकांना बंदी. दुसरा, सगळ्या धरणांची मान्सूनपूर्व पाहणी करा. पहिला पोलिसांकडे जातो, दुसरा शाखा अभियंत्याकडे, आणि या दोघांची गाठ धरणावर क्वचितच पडते. लहान आणि जुन्या धरणाच्या बाबतीत ही दोन कामं वेगळी करताच येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ज्या सांडव्यावर, म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, शनिवार-रविवारी गर्दी उसळते, तो सांडवा धड ठेवणं हीच त्या गर्दीची सुरक्षितता. आणि गर्दी कुठे उभी राहते, गाड्या कुठे लावते, हा धरणाच्या देखभालीचाच प्रश्न.

लोणावळ्याचं भुशी धरण घ्या. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलं. आज लोक तिथे पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसायला जातात. ३० जून २०२४ ला तिथे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यातली चार मुलं होती. बातम्यांमध्ये 'भुशी धरण दुर्घटना' असं आलं, पण ते लोक पायऱ्यांवर नव्हते. धरणाच्या मागच्या बाजूला, डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या पात्रात होते. हा फरक महत्त्वाचा आहे. कारण बंदोबस्त आणि फलक सगळे पायऱ्यांपाशी लागतात, आणि पाणी आधी चढतं ते मागच्या ओढ्यात.

किती चढतं? समजा ओढ्याचं पाणलोट क्षेत्र पाच चौरस किलोमीटर आहे. (हे उदाहरण आहे, भुशीचा आकडा नव्हे.) घाटमाथ्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि जमीन आधीच भिजलेली असल्याने त्यातला ८० टक्के वाहून आला, तर दोन लाख घनमीटर पाणी होतं. सरासरी काढली तरी सेकंदाला साडेपंचावन्न घनमीटर, म्हणजे १,९६० क्युसेकच्या आसपास. तुम्ही उभे असता तिथे पावसाची नुसती भुरभुर असू शकते. वरच्या कड्यावर काय कोसळतंय ते खालून दिसत नाही.

पुराच्या नियोजनात एक साधा गुणाकार वापरतात: पाण्याची खोली मीटरमध्ये गुणिले वेग मीटर प्रतिसेकंद. उत्तर ०.६ च्या वर गेलं की धडधाकट माणसाचा तोल जाऊ लागतो, लहान मुलाचा ०.४ लाच. गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाणी सावकाश चालण्याच्या वेगाने, सेकंदाला सव्वा मीटर वाहत असेल तर गुणाकार ०.६ पार करतो. तळाला शेवाळ असेल तर त्याच्या कितीतरी आधीच पाय सुटतो. म्हणून 'खोल पाणी, सावधान' या फलकाचा फारसा उपयोग नाही. माणसं खोल पाण्यात जाऊन जितकी फसतात, तितकीच उथळ पण वेगवान पाण्यातही फसतात. त्यापेक्षा पायरीच्या कडेला रंगवलेली मोजपट्टी लावा आणि ठरवून टाका: पायरीवर १५ सेंटिमीटर पाणी चढलं की शिट्टी, आणि सगळे बाहेर. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, आवाज बदलला, तर पट्टी बघत बसू नका. बाहेर पडा, आणि ज्या काठावर परतीची वाट आहे त्याच काठाला.

आता मातीच्या धरणांकडे येतो. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर महाराष्ट्रात पाझर तलाव आणि लघु पाटबंधारे तलाव मोठ्या संख्येने झाले. त्यातल्या अनेकांनी पन्नाशी गाठली आहे. वय हा एकटा दोष नव्हे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडीतली वीसहून जास्त माणसं गेली, ते धरण जेमतेम वीस वर्षांचं होतं. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. खेकड्यांनी पोखरल्यामुळे ते फुटलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. खेकडे, उंदीर, घुशी भरावात बिळं करतात हे खरं. पण बीळ वेळेवर उकरून, ओलसर माती १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत भरून धुम्मसने ठोकली तर ते तिथेच संपतं. तोंडावर दगड लोटून बुजवलं तर आतली पोकळी तशीच राहते.

झाडांचंही तेच. भरावावरची बाभूळ, सुबाभूळ, घाणेरी लहान असतानाच मुळासकट काढायची असते. मोठं झाड नुसतं कापून खोड ठेवलं की मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते. मोठं खोड काढायचं तर साठा कमी असताना, अभियंत्याच्या देखरेखीखाली, मुळं उकरून आणि खड्डा थरांनी भरूनच. पायथ्यापासून पाच-सहा मीटरची पट्टीही मोकळी हवी, नाहीतर पाझर दिसणारच नाही.

सगळ्यात जास्त खेळ होतो तो सांडव्याशी. टंचाईच्या वर्षी थोडं जास्त पाणी अडावं म्हणून सांडव्याच्या माथ्यावर वाळूची पोती रचतात, कुठे विटांची भिंतही बांधतात. हेतू चांगला असतो. पण हिशेब बघा. ४० मीटर लांबीचा, दीड मीटर उंचीने पाणी जाईल असा सांडवा सेकंदाला साधारण १२५ घनमीटर पूर वाहून नेतो. त्यावर अर्धा मीटर भिंत घातली तर त्याच पूरपातळीला फक्त ६८ घनमीटर जातो. उंची एक तृतीयांशाने घटली आणि क्षमता निम्म्याजवळ आली. उरलेला पूर धरणाच्या माथ्यावरून जाणार, आणि मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की काही तासांत धरण कापलं जातं. सांडव्याच्या तोंडाशी झुडपं, वेड्या बाभळी, टपऱ्यांचा कचरा, प्लास्टिक साचलं तरी परिणाम हाच.

पाझराची भीती बाळगू नका, त्याच्याकडे लक्ष द्या. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पायथ्याच्या निचरा चरात ९० अंशाची व्ही-नॉच (इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली पट्टी) बसवली की मोजमाप सोपं होतं: खाचेत ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, १० म्हणजे ४.४ लिटर, १५ म्हणजे १२ लिटर. आठवड्यातून एकदा आकडा आणि जलाशयाची पातळी शेजारी शेजारी लिहा. पातळी तीच असताना पाझर वाढला तर कळवा. पाणी पारदर्शक बाटलीत घेऊन तासभर ठेवा. तळाशी माती बसली तर धरण आतून वाहून चाललंय, आणि हे कळवायला सकाळची वाट पाहायची नाही. पायथ्याशी माती उकळल्यासारखी वर येत असेल तर त्यावर चिकणमाती थापू नका. पाण्याचा दाब आत अडकतो आणि दुसरीकडे फुटतो. आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी, असा पाणी सोडणारा पण माती धरणारा थर टाकायचा आणि भोवती पोत्यांचं कडं करायचं. विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या सोयीच्या, नळीलगतची जागा रोज बघा. पानशेतला १९६१ साली अशाच ठिकाणचा भराव खचत गेला होता.

पातळी उतरवायची वेळ आली तर एरवी दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर पाण्याकडची ओली बाजू घसरते. धरण फुटायच्या बेतात असेल तर अर्थात जितकं जाईल तितकं सोडायचं, पण खालच्या वाडीतली माणसं आधी हलवून.

पर्यटक काय करतात? माथ्यावर गाड्या नेतात, चाकांच्या चाकोऱ्यांत पाणी साचतं आणि भरावात मुरतं. उतारावरून जवळच्या पायवाटा पाडतात, पहिल्या मोठ्या पावसात त्याच्या घळी होतात. पाण्याकडच्या उतारावर माती धुपू नये म्हणून बसवलेले पिचिंगचे दगड उपसून चुली मांडतात. पोहणारे विमोचक विहिरीला लटकतात, आणि झडप उघडी असेल तर तिथली ओढ वरून कळत नाही. उन्हाळ्यात गाळ-मुरूम काढलेल्या खड्ड्यांमुळे कंबरभर पाण्यातून पुढचं पाऊल दोन पुरुष खोलात पडतं.

हे बंदीने थांबत नाही. लोक पहाटे येतात किंवा मागच्या वाटेने जातात. त्याऐवजी हे करा: माथ्याच्या दोन्ही टोकांना गाडी जाणार नाही असे दगडी खांब, वाहनतळ पायथ्यापासून दूर, उतरायला एकच बांधीव जिना, सांडव्याच्या अलीकडे ३० मीटरवर तरंगते पिंप बांधलेला दोर, काठावर दर ५० मीटरला लाइफ बॉय (बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं) आणि त्याला ३० मीटर दोरी. लाइफ बॉय नसेल तर बूच घट्ट लावलेला २० लिटरचा रिकामा कॅन चालतो. बुडणाऱ्याकडे उडी मारायची नाही, दोरी फेकायची. फलकावर खोलीचा आकडा, बंद होण्याची वेळ, ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७.

धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली धरणं काही अटींपैकी किमान एक पुरी झाली तरच त्यात येतात: माथा ५०० मीटर लांब असणं, साठा १० लाख घनमीटर असणं वगैरे. त्याखालचा पाझर तलाव त्यात नाही. गावाच्या डोक्यावर असला तरी नाही. अशा तलावासाठी वाहनतळाचे आणि टपऱ्यांचे पैसे धरणाच्याच वेगळ्या खात्यात जावेत आणि त्यातून बारमाही चौकीदार नेमावा, जो व्ही-नॉचही वाचेल आणि शिट्टीही वाजवेल. ग्रामसभेत हा ठराव मांडताना आणखी दोन प्रश्न लेखी विचारा: विमोचकाच्या झडपेची चावी कोणाकडे आहे, आणि ती झडप शेवटची पूर्ण उघडून कधी पाहिली. उत्तर मिळालं नाही तर मेअखेर, साठा तळाला असताना, अभियंत्याला समोर बोलावून ती उघडून घ्या.