डोकं एकाचं, तक्रार दुसऱ्याची

ज्याचे केस कापले तो सहसा भांडत नाही. मागून आरसा धरला की मान इकडे-तिकडे करून बघतो, 'मस्त' म्हणतो, एक सेल्फी काढतो आणि निघतो. निकाल लागतो तो घरी गेल्यावर. आणि तो मला ऐकवायला येतं ते भलतंच कुणीतरी, ज्याच्या डोक्याला मी आजवर बोटही लावलेलं नाही.

सगळ्यात आधी येतात त्या आया. मुलीला दंडाला धरून आत आणायचं, माझ्यासमोर उभं करायचं आणि विचारायचं, "हे तुम्हीच केलंत?" नाही म्हणायची सोय नसते, पुरावा अजून फरशीवर पडलेला असतो. "अहो, नुसते शेंडे कापायला पाठवलं होतं हिला!" आईच्या पाठीमागून मुलगी डोळ्यांनी विनवत असते, की मोबाइलमध्ये दाखवलेल्या त्या फोटोचं काही बोलू नका. मग मी शास्त्राचा आधार घेते. "काय आहे काकू, केसांना फाटे फुटले होते. फुटलेला फाटा पुन्हा जुळत नाही, उलट वर वर चढत जातो. म्हणून जरा वरून कापले." यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त ते फाटे कानापर्यंत चढलेले नव्हते.

वडील त्या मानाने सोपे. मुलगा 'दोन नंबर' मारून घरी गेला की तावातावाने येतात. त्यांच्या हिशेबात दोन नंबर म्हणजे दोन इंच. मशीनला दोन नंबरचं गार्ड लावलं की केस साधारण ६ मिलिमीटर राहतात, हे मी गार्ड हातात देऊनच दाखवते. ते उलटसुलट करून बघतात आणि "मग चार नंबर सांगायचं ना, गाढवा!" असं मुलालाच सुनावतात. वाद ज्याच्या त्याच्या घरी जातो, मी मोकळी.

नवरे भांडत नाहीत. पैसे देताना 'आधी बरे होते' एवढंच म्हणतात, तेही बायको दाराबाहेर गेल्यावर.

या सगळ्यांना पुरून उरते ती फोनवरची आत्या. तिने केस प्रत्यक्ष पाहिलेलेही नसतात. घरच्या ग्रुपवर आलेला फोटो दोन बोटांनी मोठा करून करून तपासलेला असतो.

"मी तिची आत्या बोलतेय. मागची ती बट उभी का आहे?"

"तो भोवरा आहे. जन्मापासूनचाच. लांब केसांच्या वजनाने दबून होता, आता मोकळा झालाय."

"आमच्या घराण्यात कुणाला भोवरा नाही."

घराण्यापुढे कात्री चालत नाही. 'मग तिच्या आईकडून आला असेल' हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. त्या घरातली आणखी काही डोकी माझ्याकडे येतात.

"बरं, वाढतील कधी? पुढच्या आठवड्यात आमच्याकडे कार्यक्रम आहे."

"महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात."

"म्हणजे आठवड्याला?"

"तीन मिलिमीटर."

पलीकडे शांतता. आत्या बहुतेक पट्टी शोधत असावी.

"तीन मिलिमीटरने काय होतं?"

"काही होत नाही."

"मग तुम्ही काहीतरी करा ना! तुमचं कामच आहे ते."

माझ्या टेबलावर साधी कात्री असते, थिनिंगची कात्री असते, मशीन असतं, वस्तरा असतो. यातल्या एकाही अवजाराने केस लांब होत नाहीत, पण ही माहिती ऐकायच्या मनःस्थितीत आत्या नव्हती.

"या की तिला घेऊन," मी म्हणाले. "सगळेच केस अगदी बारीक केले की उभी राहायला बटच उरणार नाही."

"नको नको," आत्या घाईघाईने म्हणाली, "तशी चांगली दिसतेय ती."