दुपारी मान टाकलेली पालेभाजी तहानलेलीच असते असं नाही

परसबागेबद्दलचा एक संदेश सध्या जिकडेतिकडे फिरतोय. त्यात चार नियम दिलेत: पालेभाजी दुपारी मलूल दिसली की लगेच पाणी घाला, उन्हात पानांवर थेंब पडू देऊ नका, ते भिंगासारखे पान जाळतात, पालक फुलोऱ्यावर आला म्हणजे पाणी कमी पडलं, आणि थंडीत पालेभाज्यांच्या नादी लागू नका, सगळ्या मरतात. यावर विसंबून नवी माणसं वाफा घालवून बसतात आणि वर ‘माझ्या हाताला यशच नाही’ म्हणतात. खोट त्यांच्या हातात नसते, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या नियमानं होतं. कडक ऊन आणि वारा असला की पानांतून पाणी इतक्या झपाट्यानं उडतं, की मुळांना तेवढं वर पोचवता येत नाही, माती ओली असली तरीही. पालकाचे देठ लुळे पडतात, रुंद पानं भुईला टेकतात, बघवत नाही. पण ऊन उतरलं की तीच पानं पुन्हा ताठ होतात. म्हणून झारी उचलण्याआधी दोन पेरं बोट मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको. फार तर वर सावलीचं कापड बांधा.

पहाटेही पानं मलूलच असतील, तर मात्र मामला गंभीर. माती कोरडी असेल तर ती खरीच तहान. माती चिंब असेल तर मातीतल्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी भरलंय, मुळांचा श्वास कोंडलाय, आणि अशी मुळं पाणी ओढू शकत नाहीत. भर पाण्यात उभं राहून रोप तहानेनं जातं. असं एखादं रोप उपटून त्याचं मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. तपकिरी साल बोटांत निघून आली आणि आत नुसता दोरा उरला, तर ती मूळकूज. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओलही आहे आणि हवाही खेळतेय अशी माती, तो रोज ठरल्या वेळी पाणी ओतून राहत नाही. ढगाळ, दमट हवेत तर तीच कुंडी दिवसच्या दिवस पाणी मागत नाही.

भिंगाची गोष्ट तपासून झालेली आहे. बुडापेस्टच्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रयोग प्रसिद्ध केले. गुळगुळीत पानावर थेंब पसरट बसतो आणि किरण पानाच्या बरेच खाली एकवटतात, त्यामुळे पान जळत नाही. लव असलेल्या पानांवर, जिथे थेंब लवेवर अधांतरी राहतो, तिथे जळण्याची शक्यता त्यांना दिसली. पालक, माठ, मेथी गुळगुळीत पानांच्या. मला काळजी वाटते ती उलट सवयीची: उन्हाच्या भीतीनं लोक रात्री पानं भिजवतात, ती सकाळपर्यंत ओली राहतात आणि गार हवेत पालकावर केवडा नावाचा रोग येतो. पाणी सकाळी द्या, बुंध्याशी द्या.

फुलोऱ्याबाबत संदेशात थोडं तथ्य आहे. पाण्याचा ताण पडला की पालक लवकर फुलाचा दांडा धरतो. पण मूळ कारण दिवसाची लांबी. दिवस साधारण 13-14 तासांच्या पुढे गेला की पालक फुलायच्या तयारीला लागतो आणि उष्णता त्याला घाई करते. तेव्हा कितीही पाणी घाला, दांडा मागे फिरत नाही; पानं जून व्हायच्या आत कापून घ्या आणि त्या वाफ्यात माठ पेरा. माठाला ऊन मानवतं.

राहिली थंडी. माठ, अळू हिमात खरंच जातात. पालक आणि केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) मात्र हळूहळू गारठा सोसत गेले तर हलकं हिम सहज झेलतात. पेशींतलं पाणी गोठू नये म्हणून ती साखर साठवतात, आणि पानं चवीला गोड लागतात. फक्त हिम पडलेल्या सकाळी, पानं काचेसारखी कडक असताना, त्यांना हात लावू नका. ऊन वर येऊन ती मऊ झाली की मगच खुडा.