निगेटिव्हमध्ये काय होतं, काय नव्हतं

वकील आला तोच तावातावाने. आदल्या रात्री त्याने मोठ्या पडद्यावर 'डीप स्पेस नाइन' ही जुनी अमेरिकन अवकाशमालिका लावली होती. "चेहरे मेणाचे, यानं धुरकट, अंधारातलं काही म्हणजे काही दिसत नाही. आणि तिच्या आधीची 'नेक्स्ट जनरेशन' बघा, आरशासारखी लख्ख! दोन्ही 'स्टार ट्रेक'च ना? मग एक तुपाशी आणि दुसरी उपाशी का?"

मास्तरांना असला प्रश्न आयताच हवा असतो. "त्याहून गंमत ऐक. हाय डेफिनिशनसाठी नव्याने तयार करायला, म्हणजे 'रीमास्टर' करायला, १९६६ची मूळ मालिका या दोघींपेक्षा सोपी. वयाने सगळ्यांत थोरली आणि त्रास सगळ्यांत कमी."

धाकटीला हे पटेना. (ही वकिलाची बहीण, कट्ट्यावर तिला दुसरं नाव नाही.) "जितकं जुनं तितकं खराब, असंच असतं ना मास्तर?"

उत्तर एडिटरने दिलं. दिवसभर दुसऱ्यांचे व्हिडिओ कापून-जोडून त्याचं पोट भरतं, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा, असं तो स्वतःच मानतो. साठच्या दशकात चित्रण ३५ मिलिमीटर फिल्मवर होई, संकलन म्हणजे खरोखरच निगेटिव्ह कापून जोडणं असे आणि अवकाशयानाचे शॉट्सही फिल्मवरच तयार होत. पूर्ण झालेला भाग फिल्मवर हजर. तो स्कॅन करा, डाग-ओरखडे काढा, रंग नीट करा, संपलं. 'नेक्स्ट जनरेशन' १९८७ची. चित्रण फिल्मवरच, पण ती फिल्म लगेच व्हिडिओ टेपवर उतरवायची आणि पुढचं सगळं, संकलन, इफेक्ट्स, नावं, टेपवर करायचं. अमेरिकेत तेव्हा चित्राला रेषा ५२५, त्यातल्या दिसायच्या ४८०च्या आसपास. आजच्या हाय डेफिनिशनला १०८० लागतात.

"म्हणजे अभिनेत्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हमध्ये आहे," एडिटर म्हणाला, "पण तयार भाग फिल्मवर कधी नव्हताच. तो फक्त टेपवर होता."

"मग त्यांनी केलं काय?"

"पुन्हा जोडली. अख्खी मालिका."

इथे वकीलही गप्प झाला, कारण हे काम खरंच वेडेपणाचं होतं. २५ हजारांहून जास्त रिळं. त्यांतून सात सीझनमधल्या प्रत्येक शॉटचा नेमका वापरलेला टेक शोधायचा, स्कॅन करायचा आणि जुन्या टेपशेजारी ठेवून फ्रेमला फ्रेम जुळवत सगळे भाग नव्याने संकलित करायचे. शिवाय यानाचे शॉट्स. यानाचं मॉडेल एकदाच शूट करून भागत नसे. संगणकाने चालणारा कॅमेरा त्याच मार्गावरून पुन्हापुन्हा न्यायचा: एकदा यानाच्या अंगावरच्या उजेडासाठी, एकदा खिडक्यांच्या दिव्यांसाठी, एकदा नुसता बाह्याकार मिळावा म्हणून. प्रत्येक फेरीची फिल्म वेगळी. १९८७ साली हे थर टेपवर एकमेकांवर बसवले होते. आता मूळ फिल्म काढून पुन्हा बसवले. २०१२ ते २०१४ या काळात सातही सीझन ब्लू-रेवर, म्हणजे हाय डेफिनिशन डिस्कवर, आले. काही मोजक्या शॉट्सची फिल्म सापडलीच नाही, तिथे जुनी टेपच मोठी करून लावली. पाहताना मध्येच दोन-तीन सेकंद चित्र मऊ पडतं ते तिथेच.

या उलथापालथीत काही घबाडही हाती लागलं. दुसऱ्या सीझनच्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागाच्या लेखिकेने कच्च्या संकलनाची व्हीएचएस प्रत जपून ठेवली होती. तिच्या आधारे कापलेले प्रसंग निगेटिव्हमधून शोधून भागाची मोठी आवृत्ती तयार झाली. एका घरगुती कॅसेटचं एवढं भाग्य क्वचितच उजळतं.

पण वकिलाचा व्यवसाय तोंडाचा. "थांबा. फेझर बंदुकीचा किरण, माणसं एका जागेवरून दुसरीकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरची चमचम ही तर व्हिडिओवरच बनवलेली, बरोबर? फिल्मवर ती नव्हतीच."

"नव्हती. नव्याने केली."

"ग्रहसुद्धा?"

"बरेचसे."

"मग याला रीमास्टर का म्हणायचं? मालिका पुन्हा बनवली म्हणा! आणि मास्तर, तुम्ही मूळ मालिकेच्या २००६च्या आवृत्तीला शिव्या घालता, त्यांनी मॉडेलऐवजी संगणकावरचं यान घातलं म्हणून. यांनी केलं ते पुण्य आणि त्यांनी केलं ते पाप?"

मास्तर चिडले, पण मुद्दा सोडला नाही त्यांनी. "फरक आहे बाबा. 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये यान तेच, कॅमेऱ्याने टिपलेलं. नसलेलं तेवढं भरलं, तेही जुन्यासारखंच दिसावं म्हणून धडपड करून. २००६मध्ये असलेलं काढून दुसरं बसवलं. त्या जुन्या मॉडेलवर कुणीतरी जीव ओतला होता. जरा हललं, कडेला रेघ दिसली, तरी ते त्या काळाचं काम आहे."

"पण २००९च्या ब्लू-रेवर दोन्ही आहेत," धाकटी म्हणाली. "बटण दाबलं की जुने इफेक्ट्स, दाबलं की नवे. मग भांडता कशाला?"

माझ्या मते या सबंध चर्चेत इतकं शहाणं वाक्य दुसरं झालं नाही. माझी तक्रार नव्या इफेक्ट्सबद्दल कधीच नव्हती. जुने गायब करण्याबद्दल आहे. ब्रिटिश विनोदी मालिका 'रेड ड्वार्फ'चं १९९८ साली असंच केलं: मॉडेलच्या जागी संगणकचित्रं, वरखाली कापून रुंद केलेली चौकट, व्हिडिओला फिल्मसारखं दाखवायची खटपट. तेव्हा अद्ययावत वाटलेली ती संगणकचित्रं आज मूळ मॉडेलपेक्षा जुनाट दिसतात. ज्याला आपण आज सुधारणा म्हणतो तिच्यावरही उद्या धूळ बसणारच आहे.

मग धाकटीने खरा बॉम्ब टाकला. तिने घरच्या संगणकावर एआय वापरून 'डीप स्पेस नाइन'चा एक भाग हाय डेफिनिशनइतका मोठा केला होता, आणि मोबाइलवर आम्हाला दाखवलाही. छान दिसत होता. एडिटरने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मागे उभ्या माणसाचे दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना होते आणि कन्सोलवरच्या अक्षरांच्या जागी अळ्या वळवळत होत्या.

"हे निगेटिव्हमध्ये नाही," तो म्हणाला. "टेपवरही नाही. हा अंदाज आहे."

"पण मूळ कंपनी करणार नसेल तर?" धाकटी तिथेच अडून बसली. "त्या मालिकेचं चित्रणही फिल्मवरच आहे. चाहत्यांच्या पैशातून तिच्यावरचा माहितीपट आला, त्यात काही प्रसंग फिल्मवरून हाय डेफिनिशनमध्ये केले होतेच की. किती सुंदर दिसतात! म्हणजे होऊ शकतं. तोवर मी अंदाजच बघणार."

यावर तिला कुणी काही म्हणू शकलं नाही. मास्तर तेवढे पुटपुटले की बघ, पण त्याला रीमास्टर म्हणू नकोस.

मास्तरांचं हळवं ठिकाण म्हणजे 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका. बीबीसीने ती मालिका स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरचं चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर केलं. टेप महाग, म्हणून पुसून परत वापरल्या; साठच्या दशकातले कितीतरी भाग त्यात गेले. व्हिडिओवरचे भाग कितीही घासा, खरे हाय डेफिनिशन होत नाहीत, कारण तितका तपशील कधी नोंदलाच गेला नाही. अपवाद १९७०चा 'स्पीअरहेड फ्रॉम स्पेस'. बीबीसीतल्या संपामुळे स्टुडिओ मिळाला नाही, म्हणून सबंध कथा फिल्मवर शूट करावी लागली आणि तीच २०१३ साली खऱ्याखुऱ्या हाय डेफिनिशनमध्ये ब्लू-रेवर आली. संप करणाऱ्यांना काय कल्पना!

"याच्या उलटही झालंय," एडिटर म्हणाला. 'ट्वायलाइट झोन' ही जुनी अमेरिकन मालिका फिल्मवरची, पण दुसऱ्या सीझनचे सहा भाग पैसे वाचवायला टेपवर केले. ब्लू-रेवर बाकीचे भाग लखलखीत आणि हे सहा आजही टीव्हीवरच्या जुन्या नाटकासारखे.

मास्तरांचं संपलं नव्हतं. 'डॉक्टर हू'मधल्या १९७३च्या 'प्लॅनेट ऑफ द डेलेक्स' या कथेचा तिसरा भाग रंगीत टेप पुसल्यामुळे फक्त कृष्णधवल फिल्मवर उरला होता. पण टीव्हीच्या पडद्यावरून ती फिल्म काढताना रंगाच्या सिग्नलची बारीक टिंबंही चित्रात उमटली होती. वर्षानुवर्षं तो दोष समजला गेला. पुढे त्याच टिंबांवरून मूळ रंग ओळखले, त्याला संगणकावर रंग भरण्याची जोड दिली आणि भाग पुन्हा रंगीत झाला.

"संगणकावर रंग भरण्याची जोड!" वकील उसळला. "म्हणजे तिथेही अंदाज आलाच!"

"साक्षीपुराव्याने केलेला," मास्तर म्हणाले. वकिलाला त्याच्याच भाषेत उत्तर मिळालं.

चौकटीच्या वादात मात्र आमचं फारसं भांडण झालं नाही. जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीसाठी रचलेलं चित्र आजच्या रुंद १६:९ चौकटीत बसवायला वरखाली कापलं की डोकी जातात, बाजूला उघडलं की कधी शूटिंगचे दिवे आणि माणसं दिसतात. 'बफी' या अमेरिकन मालिकेच्या हाय डेफिनिशन आवृत्तीची त्यापायी जी शोभा झाली ती सर्वज्ञात आहे. 'नेक्स्ट जनरेशन' ४:३च ठेवली, बरं केलं.

तंटा उरला 'बॅबिलॉन ५' या अवकाशमालिकेचा, आणि तो मिटला नाही. ती मालिका पुढच्या रुंद टीव्हीचा विचार करून फिल्मवर शूट केली, पण संगणकावरची यानं मात्र त्या काळच्या टीव्हीपुरती, ४:३मध्ये बनवली. डीव्हीडीवर चौकट रुंद केली, तेव्हा माणसांचे साधे प्रसंग झकास आणि इफेक्ट आला की वरखाली कापून ताणलेलं चित्र. २०२३च्या ब्लू-रेत पुन्हा ४:३ आणली, माणसांचं चित्रण फिल्मवरून नव्याने स्कॅन केलं आणि इफेक्ट्स होते तेच मोठे करून ठेवले.

"अर्धवट काम," वकील म्हणाला. "त्यांनी यानं नव्याने बनवायला हवी होती."

"प्रामाणिक काम," मास्तर म्हणाले. "होतं तेवढं दिलं, नव्हतं त्याचा आव आणला नाही."

मी मास्तरांच्या बाजूने, पण मनात थोडी चलबिचल. संवाद चालू असताना एखाद्या चेहऱ्याचा केस न् केस दिसतो, आणि पुढच्याच शॉटला अवकाशयुद्ध धुक्यात घडतं. दर वेळी लय तुटते, हे मला नाकारता येत नाही.

एडिटर तेवढ्यात पैशांवर आला. 'नेक्स्ट जनरेशन'च्या डिस्क अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत, लोक तोवर स्ट्रीमिंगकडे वळले होते. इतक्या कष्टांनंतर हा निकाल पाहून 'डीप स्पेस नाइन'ला हात कोण घालणार? तिच्या नंतरनंतरच्या सीझनमध्ये तर संगणकावरची युद्धं ढीगभर, ती सगळी पुन्हा करावी लागतील.

"तुम्ही दोघं घेणार का ती डिस्क, आली तर?" धाकटीने विचारलं.

मास्तर लगेच हो म्हणाले. वकील म्हणाला, "स्ट्रीमिंगवर येईलच की."

"हेच तर," एडिटर म्हणाला.