वॉरफरिन : उंदराचं विष की औषध?

‘हृदयरोग्यांना रक्त पातळ करायला उंदीर मारायचं विष देतात’ हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. तो वाचून कुणी वॉरफरिन बंद करू नये, म्हणून हा खुलासा.

वॉरफरिन १९४८ साली उंदीरनाशक म्हणून बाजारात आलं, हे खरंच आहे. पण गोष्ट तिथे सुरू होत नाही. १९३३च्या कडाक्याच्या थंडीत एक शेतकरी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन या सरकारी विद्यापीठात पोचला. सोबत मेलेली कालवड, डबाभर न गोठलेलं रक्त आणि खराब झालेला चारा! कृषी-रसायन विभागातले कार्ल पॉल लिंक आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. सहाएक वर्षांनी त्या चाऱ्यातून डायकुमॅरॉल हे रक्त गोठू न देणारं रसायन वेगळं काढता आलं. १९४१पासून ते रुग्णांना दिलं जाऊ लागलं. म्हणजे या कुळातलं औषध आधी आलं, उंदरांची पाळी नंतर. वॉरफरिन हे त्याचंच भावंड. नावातली सुरुवातीची अक्षरं विद्यापीठाच्या संशोधन-प्रतिष्ठानाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घेतली आहेत. १९५४ साली ते माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिलं गेलं.

आणि रक्त ‘पातळ’ होतच नाही. व्हिटॅमिन ‘के’चं काम अडून गुठळी उशिरा धरते, इतकंच. मात्र डोस चुकला तर रक्तस्राव होतो, म्हणून नियमित आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी) तपासणी लागते. गोळी सुरू किंवा बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच.