पळस सोडून नारळ कशाला?

आमच्या विदर्भातल्या कोणत्याही शाळेत पोरांना निसर्गचित्र काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधात उगवता सूर्य, खाली नदी, काठावर नारळ. नारळ! खिडकीबाहेर काळं वावर, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी, धुऱ्यावर (बांधावर) पेटलेला पळस, आणि ते एकाच्याही कागदावर नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मोठे चित्रकार सय्यद हैदर रझा १९२२ साली मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात जन्मले. वडील जंगल खात्यात, त्यामुळे बालपण नर्मदेकडच्या रानात गेलं. पोराचं लक्ष लागेना म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघायला बसवलं. चित्रकला ते शिकले १९३९ ते ४३ आपल्या नागपुरात, मग मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात. १९४७ ला सूझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांच्यासोबत कलाकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. (यातले ह. अं. गाडे अमरावती जिल्ह्यातले, विज्ञानाचे पदवीधर, निसर्गचित्रांत रमलेले. अमरावतीत तरी किती जणांना ठाऊक आहेत?)

१९४८ ला काश्मीरमध्ये फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्राला बांधणी हवी, फ्रेंच चित्रकार सेझान अभ्यासा, असं त्यांनी सुचवलं. १९५० ला रझा पॅरिसला गेले. आधी तिथली घरं, गावं रंगवली. हळूहळू घरं विरली आणि तापलेले रंग उरले. १९७२ चं 'तपोवन' बघा. पुढं शाळेतला ठिपका 'बिंदू' होऊन आला. २०१६ ला वारले तेव्हा दफन मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी.

लोक म्हणतात, पॅरिसला गेले म्हणून मोठे झाले. गेले, शिकले, खरंच आहे. पण साठ वर्षं फ्रान्समध्ये काढूनही त्यांना लहानपणचं रान सुटलं नाही, हे मला त्याहून मोठं वाटतं.

पळसाची कळी हातात घेऊन बघा. बुडाशी काळपट मखमल, त्यातून भडक केशरी पाकळी. ही रंगसंगती आपल्या पोरांना फुकट मिळते. गाईडमधलं दृश्य गिरवून इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची ग्रेड मिळते, दहावीचे वाढीव गुणही मिळतात. नजर मात्र तशीच राहते.

चित्रकलेच्या सर-मॅडमना हात जोडून विनंती आहे. फाल्गुनात एखादा तास धुऱ्यावर घ्या. पोरानं अर्धा कागद काळ्या मातीनं भरला, तर घाण केली म्हणू नका. आणि जिथं चित्रकलेला शिक्षकच नाही, तिथं पालकांनी ग्रामसभेत विषय काढावा. आमच्या गावात मी काढणार आहे.