आधी तिच्या कडेवरचं बाळ उतरवा

गाळप हंगाम लागला की दरवर्षी तोच फोटो फिरतो. पाचटावर बसलेलं पोर, मागं ऊस, खाली ‘शिक्षणापासून वंचित’. मग कुणीतरी ऊसतोड मजुरांच्या तळावर जाऊन पाट्या-दप्तरं वाटून येतं. वाटू नका असं नाही. पण बीड-जालन्याकडून पश्चिम महाराष्ट्रात आलेली दहा वर्षांची मुलगी शाळेत जात नाही, ती पाटी नाही म्हणून नव्हे.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) त्या जोडीला मिळते आणि फिटते तोडलेल्या उसाच्या टनावर. मजुरी टनावर असली की मस्टर, म्हणजे हजेरीपट, नाही. मग मोळ्या बांधणारे, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करणारे लहान हात कुठल्याच कागदावर येत नाहीत. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला कायद्याने बंदी आहे, पण २०१६ च्या दुरुस्तीने शाळेची वेळ सोडून कुटुंबाला मदत करायची मुभा ठेवली. फडावर तपासणीला गेलं की उत्तर तयार असतं: पोरं आईबापासोबत आलीत.

आता मुलीचा दिवस बघा. आईबाप पहाटे चारला फडात. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, राहतं वर्षाचं बाळ, आणि ते सांभाळायला ही. पाणी, भाकरी, धुणं तिच्याच माथी. जवळची अंगणवाडी उघडते नऊ-दहाला आणि दुपारपर्यंत मिटते. शिवाय तीन वर्षांखालच्या बाळांना तिथं घरी न्यायचा कोरडा शिधा मिळतो, सांभाळ नाही. म्हणजे बाळ सहा महिन्यांचं असो की दोन वर्षांचं, बहिणीची सुटका नाही.

म्हणून पाळणाघर आधी, शाळा नंतर. पन्नास कोप्यांच्या तळावर वीसेक बाळं धरली तर किमान तीन बायका लागतील. त्या तळावरच्याच असाव्यात, पगारी असाव्यात. वेळ पहाटे चार ते दुपारी तीन. ताडपत्री, झोळ्या, प्यायचं झाकलेलं पाणी, सकाळी गरम खाणं. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या वाटेपासून लांब. पैसा नाही म्हणू नका. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे ठरलेलं आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे ५० लाख होतात.

शाळेत नेल्यावर मुख्याध्यापक दाखला मागतील. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही आणि कलम १४ प्रमाणे वयाच्या पुराव्यासाठीही नाही. गाव सोडतानाच मूळ शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतलं तर अर्धी कटकट वाचते. नाव मूळ शाळेच्या पटावरून कमी करू देऊ नका. कमी केलं तर मार्चमध्ये पोर परत येतं तेव्हा ते कुठल्याच पटावर नसतं, आणि गळती इथंच होते.

पोरांना गावीच ठेवायला हंगामी वसतिगृहं आहेत. कल्पना उत्तम, पण मंजुरी रेंगाळली तर काय उपयोग? टोळ्या दिवाळीनंतर हलतात. डिसेंबरात जेवण सुरू झालं तर जेवायला उरतं कोण?

तेरा-चौदाच्या मुलीचं कोडं वेगळंच. तळावर न्हाणीला आडोसा नाही, गावी आजीच्या भरवशावर ठेवायची धास्ती. त्यात लग्न केलं की एक पूर्ण कोयता तयार, उचल वेगळी. आईबापांना नुसतं अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. लग्नाची कुणकुण लागली तर १०९८ ला कळवा आणि ग्रामसेवकाला (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला) लेखी द्या. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. हळद लागायच्या आत कळवा. न्यायदंडाधिकाऱ्याचा मनाई हुकूम असताना लावलेलं लग्न कायद्याने शून्य ठरतं. हुकूम नसेल तर तेच लग्न नंतर कोर्टातून रद्द करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी मुलीनेच उभं राहावं लागतं.

साखर आयुक्त गाळप परवाना देताना एफआरपीची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या ऊसदराची, थकबाकी बघतात. त्याच अर्जात एक रकाना वाढवा: तळ किती, बाळं किती, पाळणाघर कुठं. रकाना कोरा असेल तर परवाना थांबवा.